अल्टेअर, ॲपल-१, सीपीएम: फोटोंऐवजी चालतं काय ठेवता येईल?

पुस्तकीकिडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात वाचनालयाच्या सभागृहात पर्सनल कंप्युटर घडवणाऱ्या सुरुवातीच्या माणसांवर दोन दिवसांचं प्रदर्शन आहे. येणारी मुलं सातवी ते दहावीची. चार टेबलं, पाच जुने लॅपटॉप (४ जीबी रॅम, लिनक्स), आणि एका मुलाला एका टेबलावर फार तर पाच मिनिटं.

सध्याच्या आराखड्यात जॉब्स, गेट्स आणि आयबीएम यांचे फोटो आणि प्रत्येकाखाली दहा ओळी माहिती एवढंच आहे. ते कोणी उभं राहून वाचणार नाही. मुलांच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे. अल्टेअरचे स्विच वर-खाली करून प्रोग्राम भरायचे असं वाचलंय. ते पाच मिनिटांत जमण्याजोगं आहे का? नेमकं काय भरायचं? आणि या तिघांखेरीज कोणाची नावं हवीतच?

अष्टकअंक

जमतं. बेरजेचा प्रोग्राम १४ बाइटचा आहे, सराव असलेल्या हाताला दोन मिनिटं लागतात.

आधी यंत्राची ओळख. अल्टेअर ८८०० हा न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या मिट्स कंपनीचा, एड रॉबर्ट्स यांचा. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर तो झळकला, किट ३९७ डॉलरला. इंटेल ८०८० प्रोसेसर, २ मेगाहर्ट्झ, आणि मेमरी २५६ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. हा आकडा टेबलावर मोठ्या अक्षरात लावा. ८०८० ची सुटी किंमत तेव्हा ३६० डॉलर होती. रॉबर्ट्सनी घाऊक मागणी देऊन ती ७५ वर आणली, म्हणून तर हे किट त्या भावात बसलं.

आता प्रोग्राम. सगळे आकडे ऑक्टलमध्ये (फक्त ० ते ७ हे अंक वापरणारी पद्धत), कारण पॅनलवरचे स्विच तीन-तीनच्या गटात आहेत. मेमरीच्या ००० या पत्त्यापासून ओळीने:

०७२ २०० ०००
१०७
०७२ २०१ ०००
२००
०६२ २०२ ०००
३०३ ००० ०००

अर्थ: २०० या पत्त्यावरचा आकडा उचल, बी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) ठेव, २०१ वरचा उचल, दोन्ही मिळव, उत्तर २०२ वर ठेव, पुन्हा पहिल्यापासून. पत्त्याचा धाकटा बाइट आधी येतो आणि थोरला मागून, म्हणून ‘२०० ०००’. मुलं हे हमखास विचारतात.

भरायची रीत: स्टॉप वर, मग रीसेट वर. सोळाही पत्ता-स्विच खाली करून एक्झामिन वर. उजवीकडच्या आठ स्विचांवर ०७२ लावा (००-१११-०१०) आणि डिपॉझिट वर. पुढचा प्रत्येक बाइट लावून डिपॉझिट नेक्स्ट, म्हणजे तोच स्विच खाली. चौदा झाले की स्विचांवर २०० लावून एक्झामिन, मग पहिला आकडा, मग दुसरा. पुन्हा सगळे स्विच खाली, एक्झामिन, रन. क्षणभराने स्टॉप, स्विचांवर २०२, एक्झामिन. डेटाच्या आठ दिव्यांत उत्तर.

चुका कुठे होतात? रन करण्याआधी सोळा स्विच शून्यावर आणून एक्झामिन करायचं राहतं, आणि यंत्र भलत्याच पत्त्यावरून धावत सुटतं. शिवाय उजवीकडचे आठ स्विच पत्त्यालाही तेच आणि डेटालाही तेच, हे ध्यानात येईपर्यंत गोंधळ चालतोच.

बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा दाखवायचा मोह टाळा. अल्टेअर बेसिकची सगळ्यांत छोटी आवृत्तीसुद्धा ४ किलोबाइट मागते, २५६ बाइटमध्ये तिचा प्रश्नच नाही. फलकावर मात्र तिची तीन नावं लिहा: बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटी डेव्हिडॉफ. दशांशाचं गणित करणारा भाग डेव्हिडॉफचा, आणि वगळलं जातं ते नेमकं त्याचंच नाव. जवळ अल्टेअर नसताना हे लिहिलं गेलं. हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या कंप्युटरवर ८०८० ची नक्कल करणारा प्रोग्राम ॲलननी बनवला होता.

सोल्डरवाला

वरच्या प्रतिसादाला +१, पण लॅपटॉपच्या पडद्यावर माऊसने स्विच हलवण्यात मजा नाही. पॅनल बनवा. आर्डुइनो ड्यू या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारं अल्टेअरचं सिम्युलेटर मोफत मिळतं आणि ड्यूवर ते जवळपास मूळ वेगाने धावतं. मेगा बोर्ड घेऊ नका, त्यावर वेगही कमी आणि मेमरीही तोकडी.

लागणारं सामान: ३६ लाल एलईडी (१६ पत्त्याचे, ८ डेटाचे, १२ स्थितीचे), १७ साधे टॉगल स्विच, ८ स्प्रिंगवाले टॉगल (वर किंवा खाली दाबून सोडलं की मध्ये परतणारे), १ किलोओहमचे ३६ रेझिस्टर. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. स्प्रिंगवाले मागताना ‘दोन्ही बाजूंनी मध्ये येणारे’ असं स्पष्ट सांगा; नाहीतर एकाच बाजूने परतणारे हातात पडतात आणि डिपॉझिट मिळतं, डिपॉझिट नेक्स्ट मिळत नाही.

ड्यू ३.३ व्होल्टचा आहे. त्याच्या पिनेला ५ व्होल्ट लागला की बोर्ड कामातून जातो. काही पिनांना ३ मिलिॲम्पियरचीच मर्यादा आहे आणि सगळ्या पिनांची मिळून १३० ची. १ किलोओहमने प्रत्येक एलईडीला साधारण १.४ मिलिॲम्पियर मिळतो, ३६ पेटले तरी पन्नासच्या आसपास. हल्लीच्या एलईडीला तेवढा पुरतो. सभागृहात ऊन येत असेल तर रेझिस्टर कमी करत बसू नका, ट्रान्झिस्टर लावा.

आणि बेरजेपेक्षा मुलांना ‘किल द बिट’ द्या. डीन मॅकडॅनियल यांचा, १५ मे १९७५ चा, २४ बाइटचा खेळ:

०४१ ००० ०००
०२६ २००
००१ ०१६ ०००
०३२ ०३२ ०३२ ०३२
०११
३२२ ०१० ०००
३३३ ३७७
२५२ ०१७ १२७
३०३ ०१० ०००

डावीकडच्या आठ दिव्यांत एक ठिपका उजवीकडे सरकत राहतो. तो ज्या दिव्यावर असेल त्याखालचा स्विच पटकन वर करून खाली आणायचा. नेम बसला तर दिवा विझतो, चुकला तर आणखी एक पेटतो. स्विच वरच ठेवला तर दिव्यांचा गोंधळ उडतो, तेही बघण्यासारखं आहे.

यातली गंमत चार वेळा आलेल्या ०३२ मध्ये आहे. ही सूचना डी रजिस्टरमधल्या पत्त्यावरून एक बाइट वाचते. वाचलेल्याचा उपयोग काहीच नाही. त्या पत्त्यावर मेमरीसुद्धा नाही. पण वाचताना पत्ता तारांवर येतो आणि दिवे लागतात, बस. पडदा नसलेल्या यंत्रात पत्त्याच्या दिव्यांनाच पडदा करून टाकलंय. चार वेळा अशासाठी की ठिपका ठळक दिसावा: फेरीतल्या प्रोसेसरच्या ४८ ठोक्यांपैकी १२ ठोके तो पत्ता तारांवर असतो. त्यामुळे जो सिम्युलेटर दिव्यांची सरासरी न काढता क्षणचित्र दाखवतो, त्यात ठिपका लुकलुकतो किंवा दिसतच नाही.

मूळ वेगाने ठिपका दर ०.११ सेकंदाला एक घर सरकतो. सातवीच्या मुलांना ते जड जाईल. पत्ता ००६ वरच्या ०१६ ऐवजी ००७ भरा, वेग निम्मा होतो.

पुस्तकीकिडा

मनापासून आभार. पॅनलचं सामान उद्याच मागवतो. तोवर ब्राउझरमधल्या सिम्युलेटरवर बेरीज करून पाहिली. २ आणि ३ भरले. २०२ वर ००५ यायला हवं, पण ००२ येतंय. चौदाही बाइट एक्झामिन नेक्स्टने तपासले, बरोबर आहेत.

अष्टकअंक

२०० वर एक्झामिन करून पाहा, तिथे शून्य असेल.

२०० वर गेल्यावर पहिला आकडा भरताना तुम्ही डिपॉझिटऐवजी डिपॉझिट नेक्स्ट दाबलंय. नेक्स्ट आधी पत्ता एकने वाढवतो आणि मग लिहितो. म्हणून २ गेला २०१ वर आणि ३ गेला २०२ वर. प्रोग्रामने २०० वरचं शून्य आणि २०१ वरचे २ यांची बेरीज केली आणि उत्तराचे २ तुमच्या ३ वरच लिहून टाकले.

हीच चूक प्रोग्रामच्या पहिल्या बाइटला झाली असती तर सिम्युलेटरवर कळलीही नसती. सगळा प्रोग्राम एक घर पुढे सरकला असता, ००० वर शून्य राहिलं असतं, आणि ८०८० ला शून्य म्हणजे ‘काही करू नको’. खऱ्या अल्टेअरमध्ये वीज दिल्यावर मेमरीत काय असेल याचा नेम नाही, तिथे हाच प्रोग्राम कोसळेल. तेव्हा टेबलावरच्या कार्डावर लाल शाईने लिहा: नवीन पत्त्यावर पहिला बाइट वर, बाकीचे खाली.

पासष्टशेदोन

दुसऱ्या टेबलावर ॲपल-१ ठेवा. स्विच आणि दिवे सोडून कीबोर्ड आणि टीव्हीवर येणं म्हणजे काय, हे अल्टेअरच्या शेजारीच कळतं. ॲपलच्या संस्थापकांपैकी स्टीव्ह वॉझ्नियॅकने हे १९७६ मध्ये केलं, किंमत ६६६.६६ डॉलर, आणि बनले जेमतेम २०० च्या आसपास. डबा, ट्रान्सफॉर्मर, कीबोर्ड ज्याचा त्याने आणायचा.

फोटो लावायचाच असेल तर या टेबलावर चक पेडलचा लावा. सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनात त्याच्या चमूने ६५०२ हा प्रोसेसर २५ डॉलरला विकायला काढला. प्रदर्शनाच्या दालनात विक्रीला बंदी, म्हणून हॉटेलच्या खोलीत बरणीतून चिपा विकल्या. ॲपल-१, ॲपल-२, कमोडोर पेट, सगळे त्याच चिपेवर. पेट तर पेडलचाच.

मुलांनी टाइप करायची ओळ अशी (आकडे हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ या सोळा अंकांत; इथे देवनागरीत लिहितोय, कीबोर्डवर अर्थातच रोमन कॅपिटल):

०:ए९ ० एए २० ईएफ एफएफ ई८ ८ए ४सी २ ०

एंटर. मग ०.ए आणि एंटर म्हणजे भरलेले अकरा बाइट परत दिसतात. मग ०आर आणि एंटर. पडद्यावर अक्षरांची रांग सुरू होते ती रीसेटपर्यंत थांबत नाही.

हे सगळं वाचून घेणारा मॉनिटर प्रोग्राम वॉझ्नियॅकने २५६ बाइटमध्ये बसवला. अल्टेअरची अख्खी मेमरी तेवढीच होती, तेव्हा दोन्ही टेबलांवर हा आकडा लावा, मुलं जोडून घेतील.

सावधगिरी एवढीच: हा मॉनिटर झीरो पेजमधले (मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटमधले) हेक्स २४ ते २बी हे पत्ते स्वतः वापरतो आणि २०० ते २७एफ मध्ये टाइप केलेली ओळ साठवतो. तिथे प्रोग्राम भरला तर तो आपोआप पुसला जातो आणि चूक सापडत नाही. टाइप करताना चुकलं तर एस्केप दाबून ओळ नव्याने लिहा. इम्युलेटरचा वेग मूळचा ठेवा. खरा ॲपल-१ सेकंदाला ६० च्या आसपास अक्षरं दाखवायचा, ४० बाय २४ चा पडदा भरायला सोळा सेकंद लागायचे. मोकाट सोडला तर नुसता पांढरा धूर दिसतो.

जुनीफ्लॉपी

इतकी चर्चा झाली आणि गॅरी किल्डॉलचं नाव कोणी काढलं नाही. तिसरं टेबल त्यांचं.

सीपीएम ही ऑपरेटिंग सिस्टिम त्यांनी १९७४ मध्ये लिहिली, कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हला. मोठी गोष्ट म्हणजे यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी वेगळा काढला आणि त्याला बायॉस म्हटलं. तेवढा बदलला की वरची सगळी सीपीएम आणि तिच्यावरचे प्रोग्राम नव्या यंत्रावर जसेच्या तसे. कंपनी उभी करणाऱ्या डोरोथी मॅकएवन यांचं नावही सोबत असू द्या.

दाखवायचं कसं: सिमएच या जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधला अल्टेअर-झेड८० आणि सीपीएम २.२ ची डिस्क. डीडीटी (सीपीएमचं मेमरी तपासायचं-बदलायचं साधन) सुरू करा, एस१०० टाइप करा, आणि एकेक बाइट देऊन एंटर:

०ई ०९ ११ ०९ ०१ सीडी ०५ ०० सी९ ५० ५५ ४ई ४५ २४

शेवटी टिंब आणि एंटर. मग जी०, म्हणजे डीडीटीतून बाहेर. लगेच सेव्ह १ आणि फाइलचं नाव, पुढे डॉट कॉम. आता नाव टाइप केलं की पडद्यावर रोमनमध्ये ‘पुणे’. शेवटच्या पाच बाइटमधले पहिले चार म्हणजे त्या चार अक्षरांचे आस्की (रोमन अक्षरांना ठरवून दिलेले) आकडे. मुलांना स्वतःच्या गावाची अक्षरं कोष्टकातून शोधून भरायला लावा.

शेवटचा २४ म्हणजे डॉलरचं चिन्ह, ‘मजकूर इथे संपला’ याची खूण. तो गाळला तर सीपीएम पुढची मेमरी छापत सुटते, कुठेतरी डॉलर भेटेपर्यंत. एका मुलाला मुद्दाम गाळायला सांगा. जी० आणि सेव्ह यांच्या मध्ये दुसरा प्रोग्राम चालवू नका, तो त्याच जागी येऊन बसतो आणि सेव्ह होतो भलताच. आणि डीडीटीमधूनच जी१०० करू नका, सी९ ला परतायला योग्य जागा नसते.

हे आजच्या मुलांना कशाला? आठ अक्षरं नाव आणि तीन अक्षरं प्रकार ही फाइलची पद्धत, १०० हेक्सपासून सुरू होणारी कॉम फाइल, नऊ नंबरचं काम म्हणजे डॉलरपर्यंत छापणं, हे सगळं टिम पॅटर्सनच्या ८६-डॉसमार्गे एमएस-डॉसमध्ये आलं. डॉस प्रोग्रामच्या सुरुवातीच्या २५६ बाइटमध्ये ०५ या जागी सीपीएमच्या पद्धतीची हाकसुद्धा सांभाळून ठेवली होती.

‘आयबीएमची माणसं ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आली तेव्हा किल्डॉल विमान उडवत होते’ ही कथा फलकावर लिहू नका. त्या दिवशी काय घडलं याबद्दल संबंधितांच्या सांगण्यात मेळ नाही. लिहायचंच तर भाव लिहा: आयबीएम पीसीसाठी पीसी-डॉस ४० डॉलरला होती आणि सीपीएम-८६ २४० ला.

पाचवा लॅपटॉप मोकळा असेल तर त्यावर ऑस्बॉर्न-१. टर्मिनलची खिडकी ५२ अक्षरं रुंद, २४ ओळी उंच करा, पुठ्ठ्याच्या चौकटीत ५ इंचांचं भोक पाडून समोर लावा आणि आत वर्डस्टार हा मजकूर लिहायचा प्रोग्राम सुरू करा. कर्सर हलवायला कंट्रोलसोबत ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. शेजारी ११ किलोची भरलेली बॅग ठेवा आणि मुलांना उचलायला सांगा, तेवढं त्याचं वजन होतं. १९८१ मध्ये, १,७९५ डॉलरला, हा म्हणे हातात नेण्याचा कंप्युटर. ॲडम ऑस्बॉर्न यांचं बालपण तमिळनाडूत गेलं आणि २००३ मध्ये ते कोडाईकनालला वारले. यंत्राचा आराखडा ली फेल्सेनस्टाइनचा, होमब्रू या हौशी कंप्युटरवाल्यांच्या क्लबच्या सभा चालवणारे तेच.

ळकार

चौथ्या टेबलावर मराठी असू द्या. आयबीएम पीसीवर देवनागरी आली ती जिस्ट या पीसीत बसवायच्या कार्डाने. काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेलं. नाव लिहायचं ते मोहन तांबे यांचं. मजकूर साठवायचा तो इस्की या भारतीय लिपींच्या सांकेतिक पद्धतीत, जिचं प्रमाण १९९१ चं आहे: खालची १२८ घरं आस्कीला, वरची भारतीय लिपींना.

मुलांना कोष्टक द्या आणि ‘मराठी’ लिहायला सांगा: सीसी सीएफ डीए बीई डीसी. पाच बाइट. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. उच्चाराच्या क्रमाने, म्हणून ‘कि’ मध्ये वेलांटी दिसते आधी पण साठते मागून. ते स्वतः करून पाहिल्यावरच पटतं. ळ चं घर डी२, आणि ‘दऱ्या’मधल्या ऱ ला डी० हे स्वतंत्र घर आहे. युनिकोडमधला देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच घेतलाय, दोन्ही कोष्टकं शेजारी लावली की दिसेल.

अवांतर: जुनीफ्लॉपींच्या वर्डस्टारमध्ये हे बाइट घालून बघायचा मोह होईल. डॉक्युमेंट मोडमध्ये वर्डस्टार प्रत्येक बाइटचा आठवा बिट स्वतःच्या खुणांसाठी वापरतो, सगळी वरची घरं खाली कोसळतात. नॉन-डॉक्युमेंट मोड घ्या.

अष्टकअंक

एकच राहिलं. अल्टेअरच्या फलकावर ‘जगातला पहिला पर्सनल कंप्युटर’ लिहू नका. जॉन ब्लँकनबेकर यांचा केनबॅक-१ हा १९७१ चा, मायक्रोप्रोसेसरशिवायचा, ७५० डॉलरचा आणि मेमरी पुन्हा २५६ बाइटच. फ्रान्सचा मिक्राल एन १९७३ चा, फ्रँस्वा जेर्नेल यांचा. आणि मेरी ॲलन विल्क्स १९६५ मध्येच लिंक कंप्युटर घरी ठेवून त्यावर काम करत होत्या. अल्टेअरबद्दल ‘किट म्हणून हजारोंच्या घरात पोचलेला’ म्हणा, ते बिनवादाचं आहे.

पुस्तकीकिडा

२०० वर खरंच शून्य निघालं. आता ००५ येतंय. चार टेबलं ठरली, पाचव्या लॅपटॉपला पुठ्ठा कापायला घेतलाय. एक शंका: दर मुलानंतर पॅनलचा प्रोग्राम पुन्हा भरावा लागेल का?

सोल्डरवाला

रीसेटने मेमरी पुसली जात नाही, पत्ता फक्त शून्यावर जातो. किल द बिटमध्ये ठिपका डी रजिस्टरमध्ये असतो, त्यामुळे स्टॉप, रीसेट, रन केलं की पहिल्या ओळीपासून नवा ठिपका तयार. भरलेला प्रोग्राम मात्र वीज गेली की जातो, तेव्हा ड्यूला पॉवर बँकेवर ठेवा आणि पॅनलवरच्या ऑन-ऑफ स्विचवर चिकटपट्टी लावा. मुलं सगळ्यांत आधी तोच खाली करतात.